काथ्यासारखा केस

१

सुलतानचं डोकं दगडानं ठेचलेलं होतं आणि बाकी अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

हुलसूरपासून दोन कोसांवर गुंडेराव जागीरदारांची कोठी होती. कोठीमागं कुत्र्याची खोली, आणि तिच्या उंबऱ्याशी ते विलायती कुत्रं आडवं पडलं होतं. पांढरं अंग, पाठीवर झूल पांघरल्यासारखा काळा डाग, गळ्यात पितळी पाटीचा पट्टा. पाटीवर उर्दूत कोरलं होतं: सुलतान.

नरहररावांनी गुडघे टेकले आणि मेलेल्या जनावराच्या पाठीवरून हात फिरवला. ते हुमनाबादच्या गुरांच्या दवाखान्यातले सालोत्री, म्हणजे जनावरांचे सरकारी डॉक्टर. आज कोठीच्या मैदानावर कुत्र्यांचा मुकाबला, म्हणजे सगळ्यात जातिवंत कुत्रं ठरवायची स्पर्धा होती. बोलारमच्या छावणीतून मेजर क्लेटन कुत्री पारखायला येणार होते, म्हणून जागीरदारांनी नरहररावांना कालच बोलावून घेतलं होतं.

सालोत्री होण्याआधी सात वर्षं त्यांनी आळंदच्या शाळेत मुलं शिकवली होती. ती सवय काही सुटली नव्हती. कुणी एक गोष्ट विचारली की ते चार सांगत. पहिल्यापासून सांगत, एक पायरी न गाळता, समोरच्याच्या डोळ्यांत उजेड दिसेपर्यंत. घाई केली की शिकवणं वाया जातं, असं ते म्हणत.

तेवढ्यात कोठीमागच्याच धान्याच्या खोलीकडून किंकाळी आली. माणसाची.

नरहरराव धावत गेले. खोलीच्या सागवानी दाराशी दोन गडी उभे होते. मध्ये कुत्र्याची निगा राखणारा निंगप्पा खाली बसला होता आणि आपला डावा हात छातीशी धरून मागंपुढं झुलत होता. गुंडेराव खुर्ची टाकून समोर बसले होते.

"डावा अंगठा दाराच्या फटीत घेतला," ते म्हणाले. "कबूल कर म्हणलं, करंना. ह्याच्या ताब्यातलं कुत्रं. कालच ह्याला दोन थोबाडीत दिल्या होत्या. त्याचा राग काढला बघा माझ्या सुलतानवर."

"त्यानंच केलं हे कशावरून?"

"डॉक्टर, तुम्ही कुत्र्याचं बघा. माणसाचं मी बघतो. आता उजवा."

"सरकार, मला थोडा वेळ द्या," नरहरराव हात जोडून म्हणाले. "कुणी मारलं ते शोधून देतो. हा दोषी निघाला तर हा इथंच आहे, कुठं जात नाही."

गुंडेरावांनी खिशातलं घड्याळ काढलं. साडेआठ झाले होते.

"साहेब एक वाजता यायचे हाईत. बाराच्या टोलापर्यंत ह्याच्या उजव्या हाताला कुणी शिवणार न्हाई. जबान दिली. टोल पडला की दार लावायचं."

२

निंगप्पाला त्याच खोलीत खांबाला बांधलं होतं. त्याची बायको चन्नम्मा ओल्या फडक्यानं त्याचा डावा हात गुंडाळत होती. अंगठा वांग्यासारखा सुजून काळा पडला होता. नरहररावांनी बांबूची कांब मागवली, तासली आणि अंगठा सरळ धरून बांधून दिला. निंगप्पा ओठ चावत राहिला.

"पहाटे कुठं होतास?"

"तळ्यावर, अप्पा. रोज जातो. कुत्र्याचं पाय पुसायला पांढरी माती आणतो. सगळ्या गावाला ठावं हाय. आलो तर हे असं."

"भुंकल्याचा आवाज?"

"न्हाई. माझा सुलतान परक्याला भुंकल्याबिगर ऱ्हात न्हाई."

"म्हणजे मारणारा परका नव्हता."

"तेच तर सरकार म्हणायलेत," चन्नम्मा फडकं पिळत म्हणाली. "आणि घरचा म्हणून ह्योच सापडला त्यांन्ला."

नरहरराव तिथंच मांडी घालून बसले. "निंगप्पा, मला एक शिकव. ह्या जातीचं कुत्रं पारखतात कसं?"

वेदनेतसुद्धा निंगप्पाचा चेहरा थोडा उघडला. "दोन गोष्टी, अप्पा. डोकं आन् केस. डोकं लांब पायजे, उभ्या विटेवानी. माथा सपाट. गाल फुगलेलं नगं. डोळ्यामधी खळगा पडायचा न्हाई, कपाळ सरळ नाकावर उतरायचं. डोकं देवानं द्यायचं. केस मातर माणसाच्या हातात. वरचा केस काथ्यावानी राठ, बुडात मऊ लव. ह्यो केस कापायचा न्हाई. उपटायचा."

"उपटायचा?"

"अंगठा आन् हे बोट. चिमटीत चार केस, एक झटका. पिकला केस आपसूक येतो, कुत्र्याला कळत बी न्हाई. मग नवा येतो तो टोकदार, राठ. कापला की झालं वाटोळं. राठ केस बुडख्यात ऱ्हातो आणि मऊ लव वर येतीय. बोलारमला एका साहेबाच्या माणसाजवळ शिकलो. दोन महिनं लागलं सुलतानला. रोज चिमूट चिमूट." त्यानं बांधलेल्या उजव्या हाताचा अंगठा हलवून दाखवला. "ह्या अंगठ्यावर पोट हाय माझं, अप्पा. डावा नुसता कातडं धरतो. केस उजव्यानं निघतो."

नरहरराव उठता उठता थबकले. सकाळी मेलेल्या कुत्र्याच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला होता. तळव्याला लागलं होतं ते काथ्यासारखं नव्हतं. ते कोकरासारखं मऊ होतं.

३

गावात ज्याचं नाव सगळ्यात आधी निघालं तो हरिबा धनगर. महिन्यापूर्वी सुलताननं त्याचं कोकरू फाडलं होतं आणि हरिबानं भर चावडीत दगड उचलून दाखवला होता.

तो माळावर मेंढरं हाकत होता. नरहररावांना पाहून जागचा हलला नाही.

"या डॉक्टर. अंगठा मोजायला आलाव व्हय? हे घ्या, दोन हाईत."

"तू मारलंस का कुत्रं?"

"मारायचं व्हतं. कुणीतरी आधी मारलं, त्याचं वाईट वाटायलंय." हरिबा थुंकला. "माझं कोकरू मेलं तवा कुणाचा अंगठा मोडला? आमच्या मेंढराला पाटी न्हाई न् पट्टा न्हाई, म्हणून?"

"पहाटे कुठं होतास?"

"हितंच. मेंढरं सोडून कोण जातंय? लांडगा काय बाराच्या टोलाची वाट बघतोय?" मग त्याचा राग थोडा उतरला. "आन् डॉक्टर, मला जागीरदाराच्या कुत्र्यांचा वीट आलाय. परवा परवापर्यंत धाकले सरकार माझ्याच दारात. त्यांच्या कुत्र्याला, त्या बादशहाला, भादरून दे म्हणले."

"श्रीपतरावांनी? कधी?"

"दीड महिना झाला. मेंढराच्या कातरीनं भादरला. असा गुळगुळीत केला, मेंढरानं लाजावं. धाकले सरकार खूश झाले."

नरहररावांनी त्याच्या कमरेची कातर मागून घेतली, शेजारच्या मेंढीची एक बट कापली आणि कागदात ठेवली.

"ह्याचं काय करताव?" हरिबानं विचारलं.

"एका केसाशी ताडून बघतो."

हरिबा हसला. "केसावरून माणूस धरायलाव? धरा, धरा. माणसावरून तर कुणालाच धरता येईना ह्या गावात."

४

श्रीपतराव हे गुंडेरावांचे धाकटे भाऊ. कोठीच्या पूर्वेच्या पडवीत ते आपल्या कुत्र्याजवळ बसले होते. सुलतान आणि बादशहा एकाच वेताचे, रंग सारखा, पाठीवरचा डागही जवळजवळ सारखा. लांबून बघणाऱ्याला दोघांतला फरक कळत नसे. गुंडेरावांनी तर सुलतानला कधी हातही लावला नव्हता. खुर्चीत बसून ते त्याला मिरवताना बघत.

कुत्र्याच्या अंगावर चादर होती आणि तोंडाला धुळीपासून जपायला जाळीची टोपी. दोरी श्रीपतरावांनी मनगटाला दोनदा गुंडाळली होती, कारण कुत्रं सारखं कोठीच्या मागच्या अंगाला ओढ घेत होतं आणि बारीक आवाजात कुंईकुंई करत होतं. तिकडं मुदपाकखाना होता. खमंग वास सुटला होता. नरहररावांना वाटलं, भूक लागली असेल.

"जरा बघू का हात लावून?"

"नक्को डॉक्टर. साहेबांच्या आधी कुणी हात लावायचा न्हाई." श्रीपतरावांनी चादर आणखी ओढून घेतली. "दादाचं कुत्रं गेलं, वाईट झालं. पण मुकाबला थोडाच थांबतोय?"

"बादशहाचं डोकं थोडं रुंद आहे असं ऐकलं होतं."

"लोक काहीबी बोलतात. आज बघतील." श्रीपतराव हसले. मग त्यांचा आवाज बदलला. "टोपलीत दोन पिल्लं आली होती, डॉक्टर. दादानं आधी हात घातला. घोडं आलं, दादानं आधी. कोठीचं तोंड पूर्वेला का उत्तरेला, दादा ठरवणार. मी आपला उरलेलं उचलणारा. पिल्लू वाढलं तवा कळलं, चांगलं डोकं त्यांच्या वाट्याला गेलं."

"आणि केस?"

"केसाचं काय एवढं? कुठल्याबी कातरीनं कापून येतोय. डोकं आणावं कुठनं?"

नरहरराव सरळ कुत्र्याच्या खोलीकडे गेले. मेलेल्या जनावराचे चार केस त्यांनी उपटले, खिशातली भिंगाची काच डोळ्याला लावली आणि कागदातल्या मेंढीच्या बटेशेजारी ते धरले. मग गळ्यातला पट्टा उलटा करून पाहिला. जुनं भोक घासून गुळगुळीत झालं होतं. पण बक्कल होतं ते दुसऱ्याच भोकात, दोन बोटं पुढं, आणि त्या भोकाच्या कडा ताज्या, पांढऱ्या होत्या.

आता सगळं उमगलं. घड्याळात पावणेअकरा झाले होते. सवा तास हातात होता, आणि सांगायला एवढा वेळ पुरेसा होता.

तेवढ्यात वेशीकडून मोटारीचा भोंगा वाजला. मेजर साहेब दोन तास आधीच आले होते.

५

मैदानावर पांढऱ्या फक्कीचा गोल आखला होता. मेजर क्लेटन उंच, लालबुंद, मोडकं हिंदुस्तानी बोलणारा माणूस. येताच म्हणाला, ऊन वाढेल, आत्ताच सुरू करू. चार कुत्री गोलात आली. त्यानं श्रीपतरावांच्या कुत्र्याची टोपी काढायला लावली, डोकं दोन्ही हातांत धरलं, बोटानं कपाळ ते नाक मोजलं आणि मान हलवली. मग केसांत बोटं घातली आणि भुवया उंचावल्या. "बहोत अच्छा," तो म्हणाला.

गुंडेराव कारभाऱ्याच्या कानाला लागून काहीतरी बोलले. कारभारी लगबगीनं कोठीमागं गेला. जेवणाचं बघायला, असं नरहररावांना वाटलं. ते गोलात शिरले.

"सरकार, साहेब, एक अर्ज आहे. मेलेलं कुत्रं सुलतान नाही."

गुंडेराव पुढं सरकले. "काय म्हणताव?"

"पहिल्यापासून सांगतो," नरहरराव म्हणाले.

आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. मेजरसाठी हिंदुस्तानीत, गावासाठी मराठीत, एकेक वाक्य दोनदा.

"आधी डोक्याचं घेऊ. मारणाऱ्याला कुत्रं मारायचंच होतं, तर विष होतं, फास होता. त्यानं फक्त डोकं का ठेचलं? आणि तेही इतकं, की माथा सपाट का फुगीर, गाल बसके का भरलेले, काही कळू नये? कारण हे दोन भाऊ रंगानं सारखे. वेगळे ओळखू येतात ते डोक्यावरून. डोकं राहिलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, अरे, हा तर बादशहा."

गर्दीत कुजबूज झाली. पुढच्या रांगेतल्या पोरांनी माना उंचावल्या. नरहररावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज आणखी मोकळा झाला. त्यांनी फक्कीत काडीनं दोन डोकी काढून दाखवली, एक विटेसारखं, एक नारळासारखं.

"आता पट्टा बघा. रुंद डोक्याच्या कुत्र्याची मान जाड. सुलतानचा पट्टा त्याला बसेना. म्हणून आरीनं नवं भोक पाडलं. हे ताजं भोक. आलं ध्यानात?"

"आलं," पोरं म्हणाली.

"मग केसाकडे येऊ. साहेब, आपणच सांगा, हा केस उपटलेला की कापलेला?"

मेजरनं गोलातल्या कुत्र्याचा केस चिमटीत धरला. "उपटा हुआ. बढिया हाथ है."

"आणि हे मेलेल्या कुत्र्याचे. भिंगातून बघा, टोक बोथट. ही मेंढीची बट, हिचंही टोक तसंच बोथट. दोन्ही एकाच कातरीनं कापलेले." त्यांनी काच एकेका पोराच्या हातात दिली. घाई करू नका म्हणाले. सगळ्यांनी बघा. काच रांगभर फिरली आणि परत आली. "हरिबानं दीड महिन्यामागं कुणाला भादरलं? बादशहाला. मारणाऱ्याला डोक्याची किंमत ठाऊक होती. केसाची नव्हती. आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं, केस म्हणजे केस, मेंढराचा काय न् कुत्र्याचा काय. म्हणून त्यानं डोकं ठेचलं आणि केस तसाच सोडला. परक्याला भुंकणारं कुत्रं का भुंकलं नाही? कारण येणारा रोजचा होता. निंगप्पा तळ्यावर गेला तेव्हा ह्या येणाऱ्यानं स्वतःचं कुत्रं मारून उंबऱ्याशी टाकलं आणि भावाचं घेऊन गेला. सुलतानला खात्रीनं ओळखणारा एकच माणूस होता, निंगप्पा. त्याच्यावर आळ आला की तो गोलात येणार नाही, हेही मारणाऱ्याला ठाऊक होतं."

श्रीपतरावांच्या हातातली दोरी गळून पडली. "दरवेळी दादाच," ते पुटपुटले. "एकदा तरी मी आधी..."

साडेअकराचा टोल पडला. नरहररावांनी ऐकला. बाराला अजून अर्धा तास होता. कित्येक वर्षांत इतकं नीट शिकवून झालं नव्हतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि गुंडेरावांना म्हणाले, "आता निंगप्पाला सोडायला सांगा."

गुंडेरावांनी कोठीकडं पाहिलं.

"निंगप्पा," ते म्हणाले. "अरे, ते ध्यानातनंच गेलं."

६

कारभारी धान्याच्या खोलीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"बाराच्या टोलापर्यंत म्हणाले होते," नरहरराव म्हणाले.

"साहेब लवकर आले न्हवं? जेवायला बसल्यावर ओरडा नगं म्हणून सरकारांनी आधीच उरकायला सांगितलं. तोंडात फडकं कोंबलं, काय आवाज न्हाई झाला." कारभाऱ्यानं चिमूट तोंडात टाकली. "तुमचा आवाज मातर हितपावतर येत होता, डॉक्टर. लई ग्वाड सांगताव. डोक्याचं सांगत होताव तवा अजून बांधायचंच चाललं होतं. केसावर आलाव तवा दार लावलं."

निंगप्पा भिंतीला टेकला होता. दोन्ही हात मांडीवर उताणे. त्याच्या शेजारी, दोरी फरफटत मागून धावत आलेला सुलतान बसला होता आणि त्याचा उजवा हात चाटत होता. निंगप्पा हात मागं घेत नव्हता. कुत्र्याच्या मानेवरचा एक राठ, पिकला केस उभा राहिला होता. निंगप्पाची नजर त्या केसावर होती.

मैदानावर टाळ्या वाजल्या. मेजरनं सुलतानला पहिलं ठरवलं होतं. चांदीचा पेला गुंडेरावांनी घेतला. थोड्या वेळानं साहेब जेवायला बसले, त्यांच्या एका बाजूला गुंडेराव आणि दुसऱ्या बाजूला श्रीपतराव. घरातली गोष्ट घरात राहिली.

नरहररावांनी दुसरी कांब तासायला घेतली.

"अक्का," ते चन्नम्माला म्हणाले, "तो निर्दोष आहे हे मी सगळ्यांसमोर सिद्ध केलं. एकही पायरी सोडली नाही."

चन्नम्मानं कुत्र्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. ती रडत नव्हती.

"अप्पा, एवढं बोलायला कामून लागलं?" ती म्हणाली. "सुलतानची दोरी सोडली असती, तर त्यो सगळ्यांदेखत हितंच आला असता."